जॅकेट गोदामात, माणसे डोहात!

खानदेशात माणूस पाण्यात बुडाला की पंचनाम्यात एक वाक्य ठरलेले असते: पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू. या वाक्याइतके सोयीचे वाक्य सरकारी दप्तरात दुसरे नसेल. त्यात दोष पाण्याचा आहे आणि मेलेल्याचा आहे. ज्याने त्या माणसाला गळक्या होडीत चढू दिले, ज्याने घाटावर एक जीवरक्षक रिंग टांगण्याची तसदी घेतली नाही, ज्याने जनतेच्या पैशाने लाइफ जॅकेटे विकत घेतली आणि कुलपात घातली, त्याचे नाव त्या वाक्यात येत नाही. आम्हाला ते नाव हवे आहे.

भूषा हे गाव अजून कोणाला आठवते काय? १५ जानेवारी २०१९, मकरसंक्रांतीचा दिवस. अक्राणी तालुक्यात, धडगावच्या बाजूला, नर्मदेची पूजा करायला सातपुड्यातली आदिवासी माणसे भूषाच्या काठावर जमली होती. साठाहून अधिक माणसे एका होडीत चढली. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. होडी उलटली आणि किमान सहा जण जिवंत परतले नाहीत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता, तेव्हा हे परमुलखातले दुःख म्हणून झटकून टाकण्याची सोय धुळ्याला नाही आणि जळगावलाही नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली, असा निष्कर्ष लगोलग निघाला. निष्कर्ष खरा आहे. पण क्षमता किती, हे होडीच्या कोणत्या फळीवर कोणी रंगवले होते? सणाचा दिवस, काठावर गर्दी होणार हे पंचांग सांगते. त्या गर्दीतून एकेकाला मोजून होडीत बसवणारा आणि आकडा भरला की पुढच्याला हाताला धरून खाली उतरवणारा सरकारी माणूस कोण होता?

सातपुड्यातली ही माणसे हौसेखातर पाण्यावर जात नाहीत. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटरपर्यंत गेली, महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताच्या यादीत गेली, पायवाटा पाण्याखाली गेल्या आणि नदीचे सरोवर झाले. आता बाजाराला जायचे तर होडी. सोयऱ्यांकडे जायचे तर होडी. बाळंतीण अडली तर होडीच. विकासाच्या नावाने ज्यांची वाट बुडवली, त्यांना पाण्यावरची वाट तरी धड द्यायला नको काय? सरकारने धरणाचे दरवाजे बसवले, पाणी अडवले, वीज मोजून घेतली. होडीतली माणसे मोजायला मात्र त्याला माणूस मिळत नाही!

ज्यांना वाटते की हे अज्ञानी आदिवासींचे आणि गरीब नावाड्यांचे प्रकरण आहे, त्यांनी २३ मे २०२४ ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. राज्य आपत्ती प्रतिसाद दल २०१६ साली उभे राहिले तेव्हा त्याच्या दोन तुकड्या झाल्या, एक नागपूरला आणि दुसरी आपल्या धुळ्याला. त्या दिवशी नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घ्यायला धुळ्याची ही तुकडी गेली. पाण्याच्या ओढीत त्यांची बोट उलटली. दुसऱ्याला शोधायला गेलेल्या दलाचे तीन जवान त्या पाण्यातून जिवंत आले नाहीत. हे शिकलेले लोक होते, गणवेशातले होते, पाण्याशी झुंजणे हेच त्यांचे काम होते. त्यांच्या पार्थिवांना सलामी दिली गेली. ती द्यायलाच हवी होती. पण सलामी देणाऱ्या हातांनी त्याच आठवड्यात खानदेशातली प्रत्येक सरकारी बोट, प्रत्येक दोर आणि प्रत्येक जॅकेट उलटून-पालटून तपासले काय? तपासले असेल तर तो अहवाल लोकांपुढे का ठेवत नाही?

त्याच आठवड्यात, दोनच दिवस आधी, २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्याच वर्षीच्या २३ जानेवारीला गडचिरोलीत मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया वैनगंगेत गेल्या. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीत दशक्रियेला जमलेल्या एका गोतावळ्यातली ११ माणसे एका होडीसह बुडाली. एकाचे सुतक फिटायच्या आत अकरा जणांची सुतके. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण मेले, तेव्हा कोठे मुंबईच्या धक्क्यावर प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट चढवण्याची सक्ती झाली. मुंबईत १५ मेले की नियम मुंबईपुरता जागा होतो. भूषात मेले की नियम सातपुडा चढून येईपर्यंत दमतो.

आता जॅकेटाकडे वळू, कारण या जॅकेटाच्या नावाने जी फसवणूक चालते तिला तोड नाही. भगव्या रंगाचे, पुढे दोन पट्टे, आत काहीतरी मऊ, एवढे असले की ते ‘लाइफ जॅकेट’ झाले असे खरेदी करणाऱ्या साहेबाला वाटते आणि विकणाऱ्या व्यापाऱ्याला वाटावेसे वाटते. निविदेत वस्तूचे नाव, नगांची संख्या आणि सर्वांत कमी दर, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की खरेदी संपली. अहो, जॅकेट म्हणजे शाळेचा गणवेश नव्हे! त्याला माप आहे. जगभर ते न्यूटनमध्ये सांगतात. पन्नास न्यूटनचे जे असते ते पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळच्या पाण्यासाठी. ते माणसाला तरंगायला हात देते, पण शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणे करण्याची हमी देत नाही. शंभर न्यूटनचे शांत, आतल्या पाण्यासाठी. ते पालथ्या पडलेल्याला उताणे करावे आणि तोंड पाण्याबाहेर धरावे अशा बेताने केलेले असते. दीडशेचे खवळलेल्या पाण्यासाठी. आमच्या घाटांवर जी माणसे होडीत बसतात त्यांतल्या किती जणांना पोहता येते? लुगड्यातल्या बाईला, धोतरातल्या म्हाताऱ्याला, कडेवरच्या पोराला पन्नास न्यूटनचे चिरगूट घालून तुम्ही जीव वाचवल्याचा आव आणता? शंभराखालचे जॅकेट प्रवाशाच्या अंगावर चालणार नाही, असे खरेदीच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहायला कोणाची लेखणी अडली आहे?

शंभरच का, असे विचारणारा कोणी शहाणा निघेलच. पाण्यात माणसाचे वजन फार थोडे उरते, पाचेक किलोंची उचल मिळाली तरी डोके वर राहते, हे खरे आहे. पण हा हिशेब शुद्धीवर असलेल्या, हातपाय हलवणाऱ्या, न घाबरलेल्या माणसाचा आहे. होडी उलटताना डोक्याला फळी लागते, पोटात पाणी जाते, अंगावरचे कापड भिजून ओढू लागते, आणि बाजूचा बुडणारा गळ्याला मिठी मारतो. या सगळ्यांची बेरीज धरून शंभर येतात. गळ्यामागे फुगीर कॉलर असलीच पाहिजे, कारण डोके तीच धरते. शिट्टी हवी, कारण पाण्यात ओरडणे फार वेळ टिकत नाही. चमकणारी पट्टी हवी, कारण खानदेशात विसर्जने अंधारात चालतात आणि बॅटरीच्या उजेडात ती पट्टीच दिसते. मुलांसाठी वेगळे माप हवे आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. मोठ्याचे जॅकेट पोराला घातले की पोर खाली जाते आणि जॅकेट वर राहते! अंगात घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहा. हनुवटीवरून निसटून कानापर्यंत आले तर ते त्या माणसाचे जॅकेट नव्हे. एवढे तपासायला दहा सेकंद लागतात, इंजिनिअर लागत नाही.

आणि आत काय भरले आहे? बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही. टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पॅकिंगचा माल आणि थर्माकोलचे तुकडे दाबले की चुरतात, शिवण उसवली की सांडतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पाण्यातच परीक्षा घ्या. जळगावच्या कोणत्याही आडतीवर दहा किलोचे लोखंडी माप मिळेल. ते जॅकेटाला बांधा आणि हौदात सोडा. लोखंडाचे वजन पाण्यात आठवा हिस्सा हलके होते, म्हणजे जॅकेटाला पावणेनऊ किलोंच्या आसपास उचलायचे आहे; शंभर न्यूटनचे खरे जॅकेट दहा किलो उचलते. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी ते तरंगत असेल तर विकत घ्या. तळाशी गेले असेल तर व्यापाऱ्याला त्याचा माल परत द्या, आणि त्याचे नाव काळ्या यादीत घाला. मोठ्या जहाजांच्या जॅकेटांसाठी आंतरराष्ट्रीय नियमच आहे की गोड्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवल्यावर त्यांची तरंगण्याची ताकद पाच टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये. आमच्या तापीचे पाणी गोडेच आहे. हौद आहेत, मापे आहेत, आडते आहेत. नाही ती फक्त इच्छा.

बरे, चांगले घेतले. पुढे काय होते? पुढे ते गोदामात जाते. भुसावळ-जळगावचा मे महिना ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये काय भाजते हे सांगायला नको. पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा छताखालचा पत्रा त्याहून तापतो. ऊन आणि उष्णता या दोघांनी जॅकेटाचे कापड मरते. भगवा रंग पांढुरका पडला की समजावे, धागा मेला. दोन बोटांच्या चिमटीत कापड धरून ओढा, टरकले तर त्याला आग लावा, पुन्हा खुंटीला टांगू नका. टांगलेले दिसते म्हणून आहे असे वाटते, हाच त्यातला सर्वांत मोठा घात. फोमवर बसू नये, पोती ठेवू नयेत. दाबून दाबून तो चपटा होतो आणि चपट्या फोमात उचल राहत नाही. आमच्याकडे नावाड्याची बैठक म्हणून, पोराच्या उशाला म्हणून, मोटारसायकलच्या सीटवर म्हणून जॅकेट वापरले जाते आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. वापरल्यावर गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे. ओले गोणीत कोंबले की बुरशी लागते, शिवण कुजते, उंदीर पट्टे कुरतडतात. क्लिप एकदा तुटली की सुतळीने बांधतात! पावसाळ्यापूर्वी एकदा आणि गणेशोत्सवापूर्वी एकदा प्रत्येक नग पाण्यात तपासून त्यावर पक्क्या शाईने तारीख घालावी, तपासणाऱ्याने सही करावी. सही केलेल्या माणसाच्या जॅकेटने दगा दिला तर त्याला साहेबाच्या केबिनमध्ये नव्हे, न्यायालयात उभे करावे.

भुसावळ हे रेल्वेचे गाव आहे. तेथल्या यार्डातून मालगाडी निघण्यापूर्वी तिच्या ब्रेकचा दाखला तपासणाऱ्याच्या, गार्डाच्या आणि ड्रायव्हरच्या सहीने तयार होतो. दाखला नाही तर गाडी नाही, मग तिच्यात कोळसा असो वा केळी. केळ्यांच्या वॅगनला जी शिस्त आम्ही लावतो ती चांगदेवला संगमावर होडीत चढणाऱ्या वारकऱ्याला लावत नाही. महाशिवरात्रीला मुक्ताईच्या यात्रेत तापी-पूर्णेच्या काठी किती माणूस लोटतो हे मुक्ताईनगरच्या पोराटोरांना माहीत आहे. त्या माणसांपैकी जो होडीत पाय ठेवील त्याच्या अंगावर आधी जॅकेट चढले पाहिजे. बाकाखाली ठेवलेले, दोरीत ओवलेले, मागेल त्याला देऊ म्हणून ठेवलेले जॅकेट असून नसल्यासारखे आहे, कारण उलटणारी होडी कोणाला शोधायला वेळ देत नाही. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेली १२ शाळकरी मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. तो तलाव शहरातला होता, समुद्रात नव्हता. मेहरूण तलावाच्या काठी, नकाणे तलावाच्या काठी सहली काढणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

जॅकेट अंगावरच्याचा जीव धरते. पाण्यात पडलेल्या दुसऱ्याला ओढून घ्यायला रिंग आणि दोर लागतो. रिंगेलाही माप आहे. चांगली रिंग अडीच किलोंपेक्षा हलकी नसते आणि गोड्या पाण्यात साडेचौदा किलो लोखंड २४ तास तोलून धरते. मोटारीची जुनी ट्यूब ही रिंग नव्हे. एक काटा लागला की ती चिंधी होते, आणि बुडणारा माणूस काटे बघून पकडत नाही. रिंगेला पाण्यावर तरंगणारा, न गुंतता सुटणारा दोर हवा. भिजून जड झालेला नारळी काथ्या नव्हे. घाटावर ती कोठे टांगायची? कुलूपबंद खोलीत नव्हे, तर सर्वांना दिसेल अशा खांबावर. चोरीला जाईल म्हणून आत ठेवतो, हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकतो. जाऊ द्या चोरीला! दुसरी आणा. रिंगेच्या किमतीची भीती वाटते आणि मृताच्या वारसाला पाच लाखांचा धनादेश देताना हात कापत नाही, असला हा जमाखर्च.

येथे बंधाऱ्यांविषयी चार शब्द जास्त लिहिणे भाग आहे, कारण खानदेशातल्या नद्या आता मोकळ्या नद्या राहिलेल्या नाहीत. तापीवर हतनूरचे ४१ दरवाजे आहेत, खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथे बॅरेज आहेत. गिरणा, पांझरा, बोरी यांवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची रांग आहे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली जाऊन उलटे फिरते आणि अडकलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून तेथे होडीही खाली बसते आणि चांगल्यात चांगले जॅकेटही कमी उचलते. वरून पाहणाऱ्याला ते पाणी गुडघाभर दिसते. पोहणारे जवान पोर नेमके तेथेच उडी टाकते आणि शोधायला गेलेली बोटही तेथेच फसते. अशा ठिकाणी बोट नेऊ नये. काठावरून फेकायची दोरीची पिशवी वापरावी, जिच्यात पंधरा-वीस मीटर दोर मोकळा भरलेला असतो. अशी पिशवी प्रत्येक बंधाऱ्याजवळच्या पोलीसपाटलाच्या घरी असायला काय हरकत आहे? हतनूरचे दरवाजे उघडताना नदीकाठाला इशारा जातो. तो इशारा जातो त्या क्षणी खालच्या सगळ्या होड्या काठाला बांधल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या बांधल्या गेल्या की नाही हे कोणीतरी पायी जाऊन पाहिले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश टाकला की कर्तव्य संपले, ही नवी सरकारी रीत आम्हाला मान्य नाही.

कायदे नाहीत, असे कोणी म्हणू नये. कायद्यांचा तर येथे पूर आलेला आहे! मुंबई इलाख्याचा उतारू होड्यांचा आणि अंतर्देशीय जलयानांचा कायदा १८६८ चा. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे व्हायला १९०६ उजाडायचे होते. केंद्राचा अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ चा, पुढच्या वर्षी अंमलात आलेला. त्यात इंजिनाच्या बोटींचे तपासणी-नोंदणीचे नियम आहेत आणि वल्ह्यांच्या होड्यांची नोंद गावपातळीपर्यंत ठेवण्याची वाटही आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने होडीच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ सालीच छापून दिली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसवले. एवढे सगळे असून तापीच्या एका तरी घाटावर होडीच्या कडेला पांढरी रेषा आणि माणसांचा आकडा रंगवलेला दाखवा, आम्ही दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर छापू. भाड्याने माणसे नेताना होडी धोक्याची किंवा भरमसाट लादलेली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ब्रिटिशांच्या कलमात तो दंड एक हजार होता. स्वतंत्र देशाने बुडालेल्या माणसाचा भाव एवढाच वाढवला! आणि हे कलमही लागते कोणाला? वल्हे मारणाऱ्याला. होडी तपासली नाही, तरीही ती चालू दिली, त्या खुर्चीला त्यात हात लावण्याची सोय नाही.

नावाड्याच्या गळ्यात दोरी अडकवून मोकळे होणाऱ्यांत आम्हाला बसवू नका. आमचे भोई आणि कोळी पिढ्यान्‌पिढ्या ही पात्रे ओळखतात. पुरात गावे वाचवणारे पहिले हात त्यांचेच असतात आणि पुढे बातमीत त्यांचे नाव नसते. दहा-वीस रुपये उतार घेणाऱ्या माणसाला शंभर न्यूटनची पंचवीस जॅकेटे स्वतःच्या खिशातून आण म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. जाळ्यांना अनुदान आहे, होड्यांना अनुदान आहे. त्याच यादीत जॅकेट, रिंग, दोर, जादा वल्हे आणि पाणी उपसायचा डबा घाला, आणि मग कडक व्हा. पण एकदा दिले की नावाड्यालाही सुटका नाही. ‘दादा, लवकर चल’ म्हणून पोरे हुल्लड करतात म्हणून, किंवा पाटलाची माणसे आहेत म्हणून आकड्यावर एक माणूस जास्त बसवला, तर त्याचा परवाना त्याच संध्याकाळी गेला पाहिजे. वाऱ्याने पाणी कापू लागले, वळवाचे ढग चढले, तरी फेरी मारणारा नावाडी गरीब असला तरी गुन्हेगार आहे.

आणि आता आपल्या बहाद्दरांकडे. ‘मला पोहता येतं, जॅकेट पोरींना द्या’, असे म्हणत होडीच्या काठावर बसून मोबाइल उंचावणारे, सगळे मिळून एका बाजूला सरकून होडी कलंडवणारे, विसर्जनाच्या दिवशी दारूच्या तारेत मूर्तीबरोबर खोल पाण्यात शिरणारे आमचेच भाऊबंद आहेत. विहिरीत पोहणे आणि वाहत्या तापीत पोहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. (तापीच्या डोहात वाढलेल्या जुन्या लोकांना हे सांगावे लागत नाही, नदीची भीती त्यांनाच सर्वांत जास्त असते.) कानबाईच्या विसर्जनाला डोक्यावर कानबाई घेऊन पाण्यात उतरणाऱ्या सवाष्णींच्या मागे काठावर दोर धरून उभी राहतील अशी चार पोरे प्रत्येक गल्लीने नेमावीत. मंडळांनी डीजेच्या भिंतीवर उधळलेल्या पैशांतून रिंगा घ्याव्यात. एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत आठ-दहा माणसांची चांगली जॅकेटे येतात. हे त्यांना परवडत नाही असे म्हणण्याचे धाडस कोणत्या मंडळाच्या अध्यक्षात आहे ते त्याने पुढे येऊन सांगावे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आमची मागणी लांबलचक नाही. जिल्ह्यात माणसे वाहणाऱ्या होड्या किती, प्रत्येकीची क्षमता किती, प्रत्येकीवर जॅकेटे किती आणि ती पाण्यात शेवटची कधी तपासली, ही यादी तपासणाऱ्याच्या नावासह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि प्रत्येक घाटावर लावा. सरकारी गोदामांतली जॅकेटे बाहेर काढा, लोकांसमक्ष हौदात टाका, बुडतील ती लोकांसमक्षच फाडा. ज्याने ती घेतली त्याच्याकडून पैसे वसूल करा. भूषाच्या घाटावर, चांगदेवला, मुडावदला, प्रकाशाला सणाच्या दिवशी मोजणारा माणूस उभा करा. तो मोजेपर्यंत होडी सुटणार नाही. पावसाळ्याच्या तोंडी धरणावर जी रंगीत तालीम होते, तिचे छायाचित्र आम्हाला पाठवू नका. आम्हाला फळ्यावरची यादी पाठवा. ती ज्या दिवशी येईल त्या दिवशी आम्ही ती शब्दशः छापू, आणि ज्या जिल्ह्याची येणार नाही त्या जिल्ह्याच्या नावापुढची जागा दर सोमवारी कोरी ठेवू. तोवर तापीत, गिरणेत वा नर्मदेत जो कोणी जॅकेटाविना होडीतून बुडेल, त्याच्या पंचनाम्यात पाण्याचा अंदाज न आल्याने असे लिहू नका. कार्यालयाने तपासणी न केल्याने बुडून मृत्यू, असे लिहा आणि खाली कार्यालयाचा शिक्का मारा.